न शिवलेली चुंबळ

गेल्या वर्षी दसरा उलटून गेला तेव्हा आमच्या घरात बसता न येणारी दोन माणसं होती. एक माझी नात, नुकतीच जन्मलेली, मान अजून न धरणारी. दुसरी माझी आई, ऐंशीच्या घरातली, जिची मान आयुष्यात कधी कुणापुढे वाकलेली नाही. दोघींना तेल लावायचं, दोघींना अंघोळ घालायची, दोघींना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, आणि दोघींची हाक मारायची वेळ नेमकी माझ्या चहाची. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी म्हणून मी कचेरीतून रजा काढली, आणि त्यातली निम्मी आईनेच खाल्ली.

झालं असं, की आमच्या मागच्या दारी जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर जे शेवाळ धरतं ते दिवाळीपर्यंत हलत नाही. या पायऱ्यांवरून आई जन्मभर अनवाणी चढली-उतरली, कधी पाय घसरला नाही. त्या दिवशी मात्र मी मोठ्या कौतुकाने आणून दिलेली ‘न घसरणारी’ चप्पल घालून ती उतरली आणि धाडकन बसली. माकडहाडाला मार लागला, उजवं मनगट मुरगळलं. हाड मोडलेलं नाही, दुखणं हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. चपलेची गोष्ट मात्र जाणार नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी ती चप्पल दाखवते, मग मनगट.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी औषधाच्या दुकानातून मधोमध भोक असलेली रबरी गादी आणली. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली.

“ह्यां काय? गाडीची ट्यूब?”

“बसायला आहे, आये. मधे भोक आहे ना, म्हणजे दुखत्या जागेवर भार येत नाही.”

“मी काय मोटार हाय?”

संध्याकाळी पाहते तर स्वयंपाकघरात त्या गादीवर पाण्याची कळशी विराजमान झालेली. “बघ कशी बसलीय,” आई भिंतीला टेकून उभी राहून म्हणाली, “तिच्यासाठीच केलीय ती.” आणि जेवण तिने उभ्यानेच केलं, खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून. उभ्याने जेवणं तिला गुरासारखं वाटतं, हे तिने जेवता जेवता तीन वेळा सांगितलं. रबरी गादीवर बसणं त्याहून वाईट, हे एकदाच, पण ठासून.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण पुढे बारसं होतं. आमच्यात पणतवंडाचं तोंड पाहिलेल्या बाईला पाटावर बसवतात, पणतवंड तिच्या मांडीवर देतात आणि तिच्यावर सोन्याचं फूल उधळतात. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून आई त्या फुलाची वाट पाहत होती. शेजारपाजारच्यांना सांगून झालं होतं, नेसायचं लुगडं काढून ठेवलं होतं. म्हणून बारसं बाराव्या दिवशी न करता सव्वा महिन्यावर ढकललं. तोवर ती सावरेल असा आमचा हिशोब.

ती सावरत नव्हती. टेकायला जायची आणि कळ आली की पुन्हा उभी. मी म्हटलं, खुर्चीवर रबरी गादी ठेवू, वरून चादर घालू, कुणाला कळणारही नाही. “पाटाचा मान पाटावर,” ती म्हणाली. “नायतर मी आत पडून र्‍हाते. तुमचं चालू दे.” एकदा मी दुपट्टे वाळत घालत असताना ती पाळण्याशी उभी राहून बाळाला सांगत होती, “मी काय तुला घेऊ शकत नाय गो बाय. तू पण बसत नायस, मी पण बसत नाय. पण तू बसशील.” आई असं बोलणारी नव्हे. भर बाजारात जिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती, ती आता स्वतःला बाजूला काढून ठेवायला लागली होती. ती एकदा आत पडून राहिली की परत बाहेर यायची नाही, अशी मला भीती वाटली.

आई मासे विकायची. पहाटे बंदरावर लिलावात उभी राहायची आणि बांगडे, सौंदाळे, जे मिळेल त्याची पाटी डोक्यावर घेऊन गावातल्या आळ्या पालथ्या घालायची. पाटीखाली चुंबळ. जुन्या लुगड्याची लांब पट्टी पिळून, बोटांभोवती गुंडाळून, टोक आत खोचून केलेलं कापडाचं कडं. मला त्या चुंबळीचं भारी आकर्षण होतं, कारण ती रोज दुपारी नाहीशी व्हायची. आई घरी येऊन पाटी उतरवायची, चुंबळीचं टोक ओढायची, आणि बघता बघता त्या गोल गोष्टीची नुसती चिंधी व्हायची. मग ती धुऊन काठीवर वाळत पडायची. त्या चिंधीने आईने माझं नाक पुसलंय, फुटलेलं ढोपर बांधलंय, मांजराच्या पिल्लाला तिचं अंथरूण केलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गोल. लहानपणी मला वाटायचं, सूर्य उगवतो तसं हे आपोआप होत असावं.

एकदा आई दमून चुंबळ न सोडताच झोपलेली पाहून मी ती डोक्यावर ठेवली, तिच्यावर रिकामी कळशी ठेवली आणि अंगणात कमरेवर हात देऊन मिरवले. “ताजे बांगडे!” अशी आरोळीही ठोकली. तेवढ्यात आई बाहेर आली. ती ओरडली नाही, मारलं नाही. कळशी उतरवली, चुंबळ उतरवली, एका झटक्यात तिची चिंधी केली आणि म्हणाली, “तुझ्या डोक्याला जन्मलीस तेव्हा लावली तेवढी पुरे. आता नाय.” आणि मला अभ्यासाला बसवलं.

जन्मल्यावरची चुंबळ म्हणजे बाळाच्या डोक्याखाली ठेवायची ती. तिने डोकं गोल होतं, असा आमच्याकडे पक्का समज आहे. माझ्या डोक्याखाली आईने ठेवली होती, आणि माझं डोकं नारळासारखं गोल आहे हे मी आरशात पाहून कबूल करते. माझ्या लेकीला तिनेच केली. आता नातीची पाळी, तर आईचं मनगट पट्टीत. शिवाय लेकीने फोनवरून डॉक्टरांचं मत वाचून दाखवलं, की असलं काही ठेवू नये. माझी आई आणि माझी लेक यांच्यात दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी तह झाला: बाळ जागं असताना, कुणाच्या तरी मांडीवर असताना, आणि तेही बारशापुरतंच.

“पण करणार कोण?” लेकीने विचारलं.

“तुझी आई,” आई म्हणाली, आणि मग स्वतःच दचकली.

मला चुंबळ करता येत नव्हती. मासळीवर जगणाऱ्या आमच्या साऱ्या खारवीवाड्यात माझ्या वयाची अशी बाई शोधून सापडायची नाही. पण बाळासाठी चुंबळ करायचं निघालं आणि माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली. बाळाच्या डोक्याखाली चालते, पाटीखाली चालते, तर आईच्या खाली का नाही? रबरी गादीसारखीच गोल, मधे तसंच भोक, पण तिच्या स्वतःच्या लुगड्याची. तिला काही न सांगता मी ट्रंकेतून तिचं विरलेलं लुगडं काढलं, पट्ट्या फाडल्या, पिळून जाडजूड कडं केलं आणि ते उसवू नये म्हणून दुहेरी दोऱ्याने चहूबाजूंनी छान घट्ट शिवून टाकलं. काम इतकं सुबक झालं होतं की मी ते आईपुढे हळदीकुंकवाच्या वाणासारखं धरलं.

तिने डाव्या हाताने ते चाचपलं. बोटं टाक्यांवर येऊन थांबली.

“ह्यां तू शिवलंस?”

माशाच्या कालवणात साखर घातली असती तरी तिचा आवाज एवढा चढला नसता.

“चुंबळ कोण शिवतं गो? शिवलेली दगडासारखी र्‍हाते. वजन पडलं की ही डोकं फोडील. न शिवलेली असली की वजन पडल्यावर आपली आपण बसते. जसं डोकं तशी बसते. काढ ते टाके, काढ!”

मी टाके काढले. मग आई कुशीवर आडवी पडून डाव्या हाताने हुकूम सोडायला लागली आणि मी जमिनीवर बसून एक पाय उभा करून शिकायला लागले. एवढं मोठं कडं बोटांवर होत नाही, ते ढोपराभोवती गुंडाळायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“ढोपर वर कर. पीळ दे. अजून दे. गुंडाळ. सोडू नको! सोडलंस!”

पहिली चुंबळ ढोपरावरून काढता काढता उलगडली. दुसरी लंबगोल झाली. तिसरी मी अभिमानाने उचलून दाखवली तर तिचं टोक लोंबत राहिलं, आणि लेक म्हणाली, “आई, उंदीर वाटतोय.” यावर आई इतकी हसली की कळ येऊन “हसवू नका गो, दुखतंय” म्हणायला लागली, आणि म्हणता म्हणता पुन्हा हसायला लागली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

“आये, हे मला तेव्हाच का नाही शिकवलंस?”

“शिकली असतीस तर पाटी पण उचलली असतीस,” ती म्हणाली. “तू हट्टी.”

मी पुन्हा पीळ द्यायला घेतला.

अखेर एक चुंबळ जमली. आई माझ्या खांद्याला धरून हळूच टेकली, तोंड वाकडं केलं, “जरा रुंद कर” म्हणाली. मी उलगडली, रुंद केली. न शिवलेलीचा हा फायदा. मग रोजच हा खेळ सुरू झाला. सकाळी मी चुंबळ करायची, आई टेकायची, दुपारी ती सोडून पट्ट्या काठीवर वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोल. पहिल्यांदा ती भाजी निवडण्यापुरती बसली, मग चहा संपेपर्यंत, मग शेजारीण कंटाळून उठून जाईपर्यंत. काठीवर पट्ट्यांच्या शेजारी बाळाचे दुपट्टे वाळत असायचे. एकदा ते काढताना माझ्या मनात आलं, की माझी सगळी जिंदगी या एका चिंधीभोवती फिरतेय. डोक्याखालून निघाली, डोक्यावर यायची राहिली, आणि आता फिरून माझ्याच ढोपरावर आली. असे विचार मला सहसा सुचत नाहीत. रजेचा परिणाम असावा.

बारशाचा दिवस उजाडला. घर बायकांनी भरलं. घुगऱ्यांचं गोल बुडाचं पातेलं डुगडुगत होतं, ते कुणीतरी रबरी गादीवर ठेवलं, आणि ते पैसे एकदाचे वसूल झाले. आई काढून ठेवलेलं लुगडं नेसून दारात उभी होती. माझी चुलत सासू म्हणाली, “सोन्याचं फूल पणतूला असतं ना? ही तर पणती.”

“फुलाला काय ठावं, पोरगा का पोरगी?” आई म्हणाली, आणि विषय संपला.

पाट मांडला. त्याच्यावर मी पहाटे उठून केलेली चुंबळ ठेवली. सगळ्या बघत होत्या. आईने माझा खांदा धरला आणि बसायला लागली. मध्येच ती थांबली, माझ्या खांद्यात तिची बोटं रुतली, आणि मला वाटलं, आता ही उठते आणि आत जाते. पण ती बसली. पूर्ण बसली, मांडी घालून. लेकीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, बाळाच्या डोक्याखाली मी केलेली छोटी चुंबळ सारली. जावयाने फूल उधळलं. ते आईच्या पांढऱ्या केसांवरून घरंगळत बाळाच्या झबल्यावर पडलं, आणि बाळाने मोठी जांभई दिली.

मग पाळणा झाला, नाव ठेवलं, पाठीत धपाटे झाले, ओट्या झाल्या. पाळण्यातून निघालेलं बाळ पुन्हा पणजीच्याच मांडीवर आलं आणि आई सगळा वेळ तशीच बसून होती. चेहऱ्यावरून काही कळेना. मी घुगऱ्या वाटता वाटता तिच्यापाशी वाकले.

“आये, दुखतंय का? उठवू?”

तिने नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताने खालची चुंबळ चाचपली, जशी पूर्वी बंदरावरून निघताना डोक्यावरची चाचपायची.

“घट्ट बसलीय,” ती म्हणाली. “पाटी र्‍हायली असती हिच्यावर.”

मी तिथेच उभी राहिले, हातात घुगऱ्यांचं ताट घेऊन. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याच निकालावर, कुठल्याच बढतीवर तिने असं काही म्हटलं नव्हतं. तिने माझ्याकडे वर पाहिलं, आणि मी आत्ताच बंदराच्या वाटेला लागलेय असं समजून घाईघाईने म्हणाली,

“पण उचलायची नाय हां.”

“नाही उचलत,” मी म्हटलं.