काळुरामने न उघडलेला मेल

काळुराम शीळफाट्याजवळच्या एका गावातला. एम.ए. करत असताना तो ट्रक चालवायचा. मुंब्रा बायपासच्या उतारावर एकदा त्याच्या ट्रकचे ब्रेक गेले, पुढे शाळेची बस होती, आणि या पठ्ठ्याने ट्रक डोंगराच्या अंगाला घासत घासत नेऊन थांबवला. त्यात त्याचा खांदा निखळला. हा किस्सा तो दुधाची पिशवी फुटल्यासारखा सांगतो आणि लगेच दुसरा विषय काढतो. असा माणूस एका ईमेलला घाबरला. इतका घाबरला, की पुढे पुढे त्याच्याबरोबर आम्हीही घाबरून जगू लागलो.

मी चित्रा. डोंबिवलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. निवृत्ती तोंडावर आली आहे. मी तापट आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. काळुराम माझ्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. डॉक्टरेट झाली तर कायम नोकरीच्या मुलाखतीला बसता येईल, नाहीतर जन्मभर तास मोजत बसायचं. त्याने खाडीकाठच्या मिठागरांवर प्रबंध लिहिला. मिठागरं बंद पडली तेव्हा तिथं राबणाऱ्या घरांचं काय झालं, हा विषय. त्यातलं एक घर त्याचं स्वतःचं.

आमचा चौघांचा एक गट आहे. मी, काळुराम, ठाण्याची देवयानी आणि शहाडचा सुदेश. देवयानी वनस्पतीशास्त्राची, सुदेश कॉमर्सचा. प्रत्येकाचं काही ना काही लिहून व्हायचं असतं आणि कोणाचंच होत नसतं, म्हणून देवयानीने हा गट काढला. दर सोमवारी आम्ही खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या हॉटेलात भेटतो. प्रत्येकाने आठवड्याचं एकच काम सांगायचं. पुढच्या सोमवारी त्यावर फक्त एक शब्द बोलायचा, ‘झालं’ किंवा ‘पुढे’. ‘पुढे’ म्हटलं की ते काम पुढच्या आठवड्यावर जातं. आणि देवयानीचा कडक नियम असा, की ‘का नाही झालं’ हे कोणी विचारायचं नाही. आयुष्यभर आपल्याला गाइड तेच विचारत आलेत, निदान इथे तरी नको, असं तिचं म्हणणं. मला हा नियम फार मुळमुळीत वाटायचा. पण तिच्यासमोर माझं काही चालत नाही. ती भांडतच नाही, नुसती हसते.

शिवाय वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, आमची मोठी बैठक बसते. जेवण असतं आणि तीन प्रश्न असतात. या ऋतूत काय झालं, काय सोडून दिलं, आणि कशाची भीती वाटली.

काळुरामने मार्चमध्ये प्रबंध सादर केला. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी शीळफाट्याच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. ‘डॉ. काळुराम यांचे हार्दिक अभिनंदन.’ वर त्याचा कोटातला फोटो आणि खाली निम्म्या गावाचे चेहरे. प्रबंध सादर करणं आणि डॉक्टर होणं यात परीक्षकांचा अहवाल, दुरुस्त्या, तोंडी परीक्षा असं बरंच काही असतं, हे त्या पोरांना कोण सांगणार? काळुरामच्या वडिलांनी, शिवरामबाबांनी, फ्लेक्सखाली उभं राहून पेढे वाटले. काळुराम तेव्हा आम्हाला म्हणाला, “आता नापास झालो ना, तर गावात शिरायला खाडीतून होडी करावी लागेल.” आम्ही खूप हसलो.

श्रावणात मेल आला. गाइडकडून. विषयात एवढंच होतं, ‘परीक्षकांचा अहवाल’. त्या सोमवारी काळुरामने काम सांगितलं, “मेल उघडायचा.”

सुदेश म्हणाला, “अरे, हे काय काम झालं? आत्ता उघड की.”

“घरी उघडतो. शांतपणे.”

पुढच्या सोमवारी तो म्हणाला, “पुढे.” त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा “पुढे.” गणपती आले आणि गेले. देवयानी दर वेळी मान डोलवून गोड हसायची आणि माझ्याकडे डोळे वटारून बघायची. मी चहाचा कप गच्च धरून गप्प बसायचे. पावसाळ्याची बैठक देवयानीच्या घरी झाली, तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर काळुराम म्हणाला, “भीती? मला कशाची?” एवढं बोलून त्याने ताटातली अळूवडी उचलली आणि तशीच परत ठेवली. ते मी पाहिलं होतं, पण बोलले नाही.

नवरात्रानंतर तो वाळत चालला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडायला लागली. फोन वाजला की तो दचकायचा. फोनमधून त्याने मेलचं अ‍ॅपच काढून टाकलं, त्यामुळे कॉलेजच्या सूचना मीच त्याला सांगायचे. गाइडचा फोन आला तर उचलायचा नाही, आणि मग गाइडनेही फोन करणं सोडलं. एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी मागून “डॉक्टरसाहेब” अशी हाक मारली, तर त्याच्या हातातला डस्टर खाली पडला. हसण्यावारी न्यायचे दिवस संपले होते, हे मला तेव्हा समजलं.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोचा, शालनचा, मला फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, घरात कोणी ऐकू नये म्हणून.

“मॅडम, यांना काय झालंय, तुम्ही विचाराल का? मला सांगत नाहीत. जेवत नाहीत नीट. काल पोराने विचारलं, पप्पा तुम्ही डॉक्टर कधी होणार, तर उठून बाहेर निघून गेले. खाडीच्या बाजूला. मी मागे मागे गेलेले, लांबून.” ती थांबली. “मला भीती वाटते मॅडम.”

मलाही वाटली. खाडीच्या बाजूला हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. वर्गात मागणी-पुरवठ्याचा आलेख काढता काढता माझा हात थांबायचा. मी देवयानीला फोन केला आणि सांगितलं, तुझा नियम आता चुलीत घाल. ती म्हणाली, “चित्राताई, आपण विचारलं आणि तो यायचाच बंद झाला तर? आत्ता निदान सोमवारी दिसतो तरी.” ती काही मूर्ख नव्हती, माझ्याइतकीच घाबरलेली होती. म्हणून आम्ही दोघी शहाण्यासुरत्या बायका दर सोमवारी त्याला “पुढे” म्हणू देत राहिलो.

हिवाळ्याची बैठक नेहमी काळुरामच्या वाडीवर होते. डिसेंबरात वालाच्या शेंगा येतात, आणि तो पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. यंदा तो बैठक टाळेल असं मला वाटलं होतं. पण दुपारी आम्ही पोहोचलो तर मडकं भरून तयार होतं. काळुराम जाळाला काटक्या घालत होता आणि आमच्याकडे बघत नव्हता. शिवरामबाबा बांधावर बसले होते.

“ये बाय,” ते मला म्हणाले. “तू तरी विचार त्याला. मना कई सांगत नाय.”

आम्ही जाळाभोवती बसलो. सुदेशने आपलं सांगितलं, देवयानीने सांगितलं, मीही काहीबाही सांगितलं. काळुरामची पाळी आली. काय झालं? तो म्हणाला, “काही नाही.” काय सोडून दिलं? त्याने जाळात एक काटकी सारली. कशाची भीती वाटली? तो जाळाकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, “पुढे.”

देवयानीने मान डोलवली.

“का?” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा आता उठून चालायला लागला तर मी या वयात त्याच्यामागे धावू शकणार नव्हते.

“का, काळुराम? का नाही उघडलास? मला कारण हवंय. आज ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही, मग त्या तुझ्या अंड्यांचा कोळसा झाला तरी चालेल.”

तो जाळापासून मागे सरला. मग एकदम बोलायला लागला. “मॅडम, चौथं प्रकरण माझ्या आज्याचं आहे. आजी, बा, आमची चुलती, सगळ्यांच्या मुलाखती आहेत त्यात. ते चूक आहे असं कोणी लिहिलं असेल तर मी बाला काय सांगू? तुझं जगणं नापास झालं, असं सांगू? आधी वाटलेलं, एक दिवस थांबू. मग एक दिवस थांबलो म्हणून भीती वाटायला लागली. आता तर मेलपेक्षा इतके दिवस न उघडल्याचीच जास्त भीती वाटते. रोज सकाळी तीच घेऊन उठतो.” तो थांबला. “तुम्ही कोणी विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहितीच आहे की मी नापास आहे.”

देवयानीने तोंडावर हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सुदेशने आपला फोन पुढे केला. काळुरामने पासवर्ड टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. मग फोन माझ्या हातात दिला. “तुम्ही वाचा.” मी चष्मा पुसला, उगाचच. मग वाचलं.

पहिल्या परीक्षकाने प्रबंध मान्य केला होता. दुसऱ्याने लिहिलं होतं, संशोधक त्याच गावचा असल्याने चौथ्या प्रकरणात अंतर राखलं गेलेलं नाही, ते प्रकरण पुन्हा लिहून प्रबंध फेरसादर करावा. त्याला ज्याची भीती होती, बरोबर तेच. मी मोठ्याने वाचत गेले आणि शेवटची ओळ दोनदा वाचली. फेरसादर करण्याची मुदत नोव्हेंबरअखेरची होती. मुदत संपून पंधरवडा होऊन गेला होता.

मडक्याभोवतीचा जाळ विझत आला होता.

सुदेश सर्वांत आधी भानावर आला. मुदतवाढीचा अर्ज करता येतो, हे त्याला माहीत होतं. त्यात विलंबाचं कारण लिहावं लागतं आणि समितीपुढे उभं राहावं लागतं. “टायफॉइड टाक,” तो म्हणाला. “टायफॉइडला कोणी नाही म्हणत नाही. सर्टिफिकेट मी आणतो.”

मी म्हणाले, “टाक.” खरं सांगते, मला काळुरामची सोडून दुसऱ्या कशाचीच पर्वा नव्हती.

काळुराम नाही म्हणाला. “खोटं लिहिलं तर ते कोणी पकडेल म्हणून परत भ्यायचं. नाय जमणार मला आता.”

त्याने अर्जात लिहिलं, ‘परीक्षकांच्या अहवालाचा मेल उघडण्याची भीती वाटल्यामुळे विलंब झाला.’ एवढंच. विद्यापीठात असं कारण आजवर कोणी दिलं असेल? त्याला हाकलून देतील, वर स्टाफरूममध्ये हसतील, अशी माझी खात्री होती. मी त्याला दोनदा बजावलं, अजून वेळ आहे, बदल. त्याने ऐकलं नाही.

समितीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. तो आत गेला आणि मी बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, पुरतं बंद नव्हतं. कोणीतरी अर्जातलं कारण मोठ्याने वाचलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी पर्सचा पट्टा मुठीत आवळून बसले होते.

एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं, “मग शेवटी उघडलात कसा?”

काळुरामचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका बारीक झाला होता. “एका मॅडमनी का म्हणून विचारलं, सर.”

“आणि इतके महिने कोणीच नाही विचारलं?”

“नाही सर. सगळे माझी काळजी करत होते.”

मग तोच म्हातारा आवाज हळू म्हणाला, “यांच्या गाइडना पण एकदा विचारा, तुम्ही का नाही विचारलंत.” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. डोळे भरून आले होते, आणि कानही वयामुळे अधूनमधून दगा देतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली. काळुराम बाहेर आला आणि माझ्या शेजारी धपकन बसला.

“मॅडम, भीती गेली नाही हो,” तो म्हणाला. “वाटलेलं, हे झालं की जाईल.”

“मग?”

“चौथं प्रकरण उघडायचंय ना आता.”

“कधी उघडतोस?”

“सोमवारी.”

“का?” मी म्हणाले. “सोमवारी का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर ठेवला आणि तिथेच, विद्यापीठाच्या बाकावर, त्याने ते प्रकरण उघडलं. पहिल्या पानावर त्याच्या आज्याचं नाव होतं. मी सरकून जवळ बसले आणि दोघांनी मिळून वाचायला सुरुवात केली.