कागदाची प्लेट

माझी शेजारीण दक्षिण मोरोक्कोतल्या डोंगराळ गावातली. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आम्ही टाउनहाउसच्या एकाच रांगेत राहतो, मधली भिंत दोघींची. तिला कोणी अरब म्हटलं की ती चिडत नाही, पण सोडतही नाही. "मी अमाझिग. अरब यायच्या आधीपासून आम्ही तिथलेच," असं ती दुकानातल्या कॅशिअरलाही सांगते आणि मुलांच्या टीचरलाही. सुरुवातीला मी मनात म्हणायचे, बाई, विचारलंय का कोणी तुला? तो राग खरं तर तिच्यावरचा नव्हताच, हे मला पुढे कळलं.

संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याभोवती चालतो. लहानपणी शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की तिला छडी बसायची, म्हणून कितीतरी वर्षं तीही गप्पच राहिली होती. हे तिनं सांगितलं त्या दिवशी मीही माझं सांगितलं. मी नागपूरकडच्या बौद्ध घरातली. आमच्या मागच्या पिढ्या गावाबाहेरच्या वस्तीत राहिल्या, गाव त्यांना शिवून घेत नसे. माझे बाबा लहान असताना चहाच्या हॉटेलबाहेर त्यांच्यासाठी कान तुटलेला एक वेगळा कप ठेवलेला असे. चहा वरून ओतायचे, आणि पिऊन झाल्यावर बाबांनीच तो विसळून जागेवर ठेवायचा. अख्ख्या कॅरीत हे फक्त तिला माहीत होतं.

आमच्याच रांगेत, टोकाच्या घरात, पुण्याच्या एक काकू मुलाकडे राहतात. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं. काकूंनी पहिल्याच भेटीत मला "आपल्यातली" ठरवून टाकलं आणि मी ठरवू दिलं. मला फ्लू झाला तेव्हा त्यांनी रोज मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. काकू वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या घरी येणार म्हटलं की हॉलमधली निळ्या कोटातली तसबीर मी उतरवते आणि बेडरूमच्या कपाटात ठेवते. लेकीनं एकदा विचारलं तेव्हा सांगितलं, काच पुसायची आहे.

यंदा जानेवारीत शेजारणीनं येन्नायेरला, म्हणजे अमाझिग नववर्षाला, अख्खी रांग जेवायला बोलावली. गॅरेजच्या दारावर निळा, हिरवा आणि पिवळा झेंडा, त्यावर त्यांच्या लिपीतलं लाल अक्षर. तिनं आईचे चांदीचे मोठे ब्रोच दोन्ही खांद्यांवर लावले होते आणि ती घरभर मिरवत होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि हेवाही वाटला. आमच्या जयंतीला मी दार लावून खीर करते.

मधोमध मातीच्या एका मोठ्या थाळ्यात तागुल्ला होता, जवाची घट्ट लापशी, मध्ये खळगा करून त्यात आर्गनच्या बियांचं तेल आणि मध. सगळ्यांनी भोवती बसून, आपापल्या चमच्यानं, त्याच थाळ्यातून खायचं. लापशीत खजुराची एक बी लपवलेली असते. ती ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. पूर्वी त्याच्या हाती धान्याच्या कोठाराची किल्ली द्यायचे. कोठार आता राहिलं नाही, पण तिच्या आजोळची लोखंडी किल्ली भिंतीवर आहे. ती हातात घेऊन आपली माणसं कोण ते सगळ्यांना सांगायचं, ही तिच्या घरची पद्धत.

काकू माझ्या कानाशी लागल्या. "अगं, सगळ्यांचं उष्टं एकाच ताटात? आपल्याला नाही बाई चालत. दोन कागदाच्या प्लेट्स माग ना."

मी उठले. एवढं सोपं होतं ते. किचनमध्ये जाऊन शेजारणीला म्हटलं, "पेपर प्लेट्स आहेत का? आमच्यात असं एकत्र खात नाहीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बाबांचा कप तिला माहीत होता. मग कपाट उघडून तिनं प्लेट्स दिल्या आणि म्हणाली, "हो, आहेत ना."

थाळ्याला कुणाचा चमचा लागायच्या आत मी काकूंना वाढलं. तिथं थांबायला हवं होतं. मी माझ्यासाठीही वाढून घेतलं आणि लेकीचीही प्लेट भरली. "आई, व्हाय आर वी ईटिंग सेपरेट?" लेकीनं मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं, "गुपचूप खा."

बी माझ्या प्लेटमध्ये आली. दाताखाली कडक लागली तेव्हा वाटलं, गिळून टाकावी. नॅपकिन तोंडाशी नेला, तेवढ्यात लेक ओरडली, "मॉम गॉट इट."

टाळ्या झाल्या. शेजारणीनं भिंतीवरून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती चांगलीच जड होती. "सांग, तुझी माणसं कोण?"

"आम्ही इंडियन," मी म्हटलं. "मराठी."

काकूंनी समाधानानं मान डोलावली. "अँड?" शेजारीण हळूच म्हणाली. तिनं मला दार उघडून दिलं होतं, आणि ते तिला आणि मला दोघींनाच कळलं होतं.

"बस, एवढंच," मी म्हणाले.

तिनं किल्ली घेतली, खिळ्याला लावली आणि चहा ओतायला गेली. थाळ्याभोवतीच्या लोकांचे चमचे एकमेकांवर आपटत होते, हसणं चाललं होतं. मी माझी प्लेट स्वतःच उचलली आणि कचऱ्यात टाकली. तेव्हा मला बाबा आठवले, आणि लाज वाटली. त्यांना वेगळा कप दुसऱ्यांनी दिला होता. मी माझा मागून घेतला, आणि लेकीच्या हातातही दिला.

घरी आल्यावर बूट काढता काढता लेकीनं विचारलं, "आंटी सेड 'अँड'. अँड व्हॉट, आई?"

मी कोट लटकवला.

"इज इट द फोटो? व्हेन काकू कम्स, यू हाइड इट."

मी खाली बसले, तिचे हात धरले. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, हे मनात जुळवत होते. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मी घाबरले आहे. तिनंच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"डोन्ट वरी," ती म्हणाली. "आय डोन्ट टेल एनीवन आयदर."