कळवणच्या कुलुपातला मदरबोर्ड

नाशिकहून कळवणला जायला दिंडोरी-वणीचा सरळ रस्ता असताना आम्ही मालेगाव, सटाणा असा दुपटीहून लांब वळसा घेतला. वेड लागलं होतं म्हणून नाही, प्रोसेसर आणि तो थंड ठेवणारा कूलर मालेगावच्या भंगारात मिळतील अशी आशा होती म्हणून. ज्यांना पंचवीस वर्षांपूर्वीचे गेम तेव्हाच्याच मशीनवर खेळायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नव्या लॅपटॉपवर जुन्या मशीनची नक्कल करून ते चालवता येतात हे मला ठाऊक आहे, कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.

आधी मी ऑनलाइन शोधलं. मला हवा तसा मदरबोर्ड एकाकडे होता. किंमत अठरा हजार आणि खाली बारीक अक्षरात ‘चालू आहे की नाही तपासलेलं नाही’. अरे, मग अठरा हजार कसले मागतोस, फोटो फ्रेम करून लावू का भिंतीला? डोकंच फिरलं. आणि त्याच दिवशी मनात आलं, की हाच बोर्ड मी स्वतःच्या हातांनी एकदा नाही, बारा वेळा जोडलेला आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी शरणपूर रोडवरच्या एका दुकानात संगणक जोडायचो. एका देणगीदाराने कळवण तालुक्यातल्या एका शाळेला बारा संगणक दिले. ते सगळे मी जोडले, टेम्पोत मांडीवर धरून नेले आणि शाळेत बसवले. त्यानंतर मी आयुष्यात काय दिवे लावले? पुण्यात दोन नोकऱ्या सोडल्या, आता अंबडला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. पण लग्न असो, बारसं असो, ‘कळवणकडच्या पोरांना पहिला संगणक मी दाखवला’ हे सांगितल्याशिवाय मी ताटावरून उठत नाही. बायको म्हणते, “पाहुण्यांना हे चहाच्या आधी सांगत जा, म्हणजे चहाची चव तरी राहील.” म्हणू दे. अभिमानानं सांगावं असं माझ्याकडे तेवढं एकच आहे. म्हणून मला बोर्ड हवा होता तो त्या बारांपैकीच, पोरांनी वापरून वापरून जुना केलेला.

सोबत विन्या. कॉलेजपासूनचा मित्र, रविवार कारंज्यावर त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. गाडी त्याची, पेट्रोल माझं. गुरुवारी सकाळी सातला निघालो. मुद्दाम गुरुवारी, कारण मालेगावचा बाजार शुक्रवारी बंद असतो. ही चूक मी पूर्वी एकदा केली आहे, तुम्ही करू नका. आग्रा रोड झकास आहे, पण पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे पाऊण तास अडकलो. चांदवडचा घाट उतरून एका ढाब्यावर मिसळ खाल्ली. शंभर रुपयांना ताट, आणि रस्सा म्हणजे नुसतं लाल पाणी. नाशिककराला मिसळीत फसवणं याला हिंमत लागते.

मालेगावात अन्सारचाचांचं गोडाऊन शोधायला तासभर गेला. जुने संगणक फोडून धातू वेगळा करणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. तिथली कामाची रीत अशी. एका पोत्यात मदरबोर्ड, दुसऱ्यात कूलर, पत्र्याच्या डब्यात प्रोसेसर. सगळं किलोवर. बोर्डावरचं प्रोसेसर बसवायचं सॉकेट छिन्नीने उपटलेलं, त्यामुळे एकही बोर्ड कामाचा नाही.

“जरा सांभाळून काढता येत नाही का चाचा?” मी म्हणालो.

“साहेब, तुम्ही पंचवीस साल कुठं होते?” चाचा हसले. “कोणी विचारलंच नाही ना. पिनमध्ये सोना आहे, तो काढायचा, बाकी कचरा. जुना माल तर सगळा गलून गेला. तुमच्यासारखे आता येतात, हात जोडतात. आधी यायचं ना भाई.”

बोलणं झोंबलं, पण डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. आता कामाचं सांगतो. आधी मदरबोर्ड ठरवा, मग प्रोसेसर, शेवटी कूलर. लोक उलटं करतात आणि रडत बसतात. मला सॉकेट तीनशे सत्तरचा बोर्ड हवा होता, ज्यावर जुनं साउंड कार्ड बसवायला ती लांब काळी आयएसए खाच असते. तिच्याशिवाय जुन्या गेमला खरा आवाज नाही. त्यावर चालणारा पेंटियम थ्री निवडताना त्याच्या डोक्यावरचा उघडा चकचकीत चौकोन बघा, कोपरा टवका उडालेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. दीड तास डबा चाळून एक गिगाहर्ट्झचा, चारही कोपरे शाबूत असलेला एक सापडला. कूलर तांब्याच्या बुडाचा घेतला. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण नाशिकच्या उन्हाळ्यात दम तोडतात. दोन्ही मिळून चारशे रुपये, वर चाचांचा चहा. माणूस दिलदार होता, राग मला त्यांचा आला नव्हता.

मुक्काम सटाण्याला. लॉज सातशे रुपये, गरम पाणी बादलीने, शेवभाजी मात्र अशी, की मिसळीचं दुःख विसरलो. “उद्या तुझी पोरं तुला हार घालतील बघ,” विन्या भाकरी मोडत म्हणाला. मी वरवर त्याला शिव्या घातल्या. खरं सांगायचं तर मी इस्त्रीचा शर्ट सोबत घेतला होता.

शुक्रवारी सकाळी डाळिंबाच्या बागांमधून कळवणकडे निघालो. रस्ता बरा आहे, पुलांपाशी खड्डे सांभाळा. शाळा कळवणपासून आणखी काही किलोमीटर आत आहे. मी मुख्याध्यापकांना आधी फोन केला होता. त्यांनी सांगितलं होतं, की ते संगणक भंगारात काढायचा संस्थेचा ठराव झालाय, भंगाराच्या भावाने पावती घेऊन हवा तो न्या. ते मीटिंगला गेले होते. त्यांच्याऐवजी देवरे मॅडम भेटल्या, सातवी-आठवीला विज्ञान शिकवतात, पस्तिशीच्या असतील. आणि किल्लीचा जुडगा घेऊन काशिनाथमामा, शाळेचे शिपाई. त्यांनी मला बघितलं आणि ओळखलं.

“सायेब! टेम्पोवाले सायेब ना? लय वर्सांनी आले. चला, समदं जसंच्या तसं शे.”

मामांनी व्हरांड्याच्या टोकाची खोली उघडली. उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या, मॅडमनीही काढल्या. आम्हीही काढल्या. आत बारा टेबलं, बारा मशीन, प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर. मामांनी एक कव्हर उचललं. कीबोर्डवरची अक्षरं दुकानातून आणली तेव्हा होती तशीच. मी घाईघाईत स्क्रू काढून कॅबिनेट उघडलं आणि ओरडलोच, “विन्या, हे बघ! एक कपॅसिटर फुगलेला नाही!” त्या काळातल्या बोर्डांवरचे हे छोटे डबे फुगून फुटतात, अर्धे बोर्ड त्यानेच मेलेत. इथे सगळे सपाट. पंख्यावर धुळीचा कण नाही. अठरा हजारवाल्याने हा बघितला असता तर पन्नास हजार लावले असते. मी अक्षरशः नाचत होतो.

मग कॅबिनेट आडवं केलं आणि फ्लॉपीच्या फटीतून तांदळाचे दाणे टेबलावर पडले. लालसर. हळदीकुंकवाच्या अक्षता. कॅबिनेटच्या तोंडावर कुंकवाचे थरावर थर होते, मी मघाशी त्याला गंज समजलो होतो.

“दर दसऱ्याला पूजा करतो,” मामा अभिमानाने म्हणाले. “एक साल चुकलेलं नई.”

“आणि मुलं?” मी विचारलं. “मुलं कधी बसायची इथं?”

मामांनी दाराच्या आतल्या बाजूला बोट केलं. तिथे प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला कागद होता, निळ्या स्केच पेनने लिहिलेला. ‘प्रशिक्षण होईपर्यंत विद्यार्थ्यांना हात लावू देऊ नये. चपला बाहेर काढाव्यात. बिघाड झाल्यास हमी रद्द होईल.’ खाली सही. माझी.

“तुमीच सांगेल व्हतं ना सायेब,” मामा म्हणाले. “दिवाळी झाली का येतो, शिकवतो, तवर कोनाला हात लावू देऊ नका. म्या किल्ली कोनाला दिली नई. हेडसर दोन बदलले, त्यास्नी बी नई दिली. म्हटलं सायेब येतील, आन काही मोडेल निघालं तर काय तोंड दाखवू?”

दिवाळीनंतर मला पुण्याची नोकरी लागली होती. शाळेचं एक पत्र दुकानावर आलं होतं आणि दुकानवाल्याने ते माझ्या हातात दिलं होतं. खोटं कशाला बोलू? दुसरं कुणीतरी जाईल म्हणून मी ते खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला.

देवरे मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. “मी तेव्हा आठवीत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. मग दर शनिवारी रांगेने यायचो, चपला काढायचो, नमस्कार करायचो आणि बाहेर. दसऱ्याला हुशार मुलींना फुलं वाहायला मिळायची. एकदा माझा नंबर लागला होता. घरी सांगितलं, मी आज कॉम्प्युटर केला.”

विन्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

“पुढे नाशिकला डीएडला गेले,” मॅडम सांगत होत्या, आवाज अगदी साधा. “पहिल्या दिवशी संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून आत गेले. सर म्हणाले, देऊळ आहे का? सगळा वर्ग हसला. चार दिवस गेलेच नाही परत. नंतर शिकले, तसं काही अडलं नाही. पण आमच्या बॅचच्या बऱ्याच मुली तिथंच थांबल्या. चहा घेणार ना सर?”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चहा घेतला. मी कसंबसं म्हणालो, “मी येऊ का, महिन्यातून एक-दोन शनिवार? शिकवतो.” मॅडमनी नम्रपणे सांगितलं, की आता शाळेत टॅब आहेत, शिक्षक आहेत, या खोलीत त्यांना वाचनालय करायचंय. “तुम्ही विचारलंत हेच खूप आहे,” असं वर म्हणाल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी कॅबिनेट स्वतः उचलून गाडीत ठेवलं, खाली गोणपाट अंथरून.

परतीला नांदुरी, वणी, दिंडोरी. डावीउजवीकडे द्राक्षाच्या बागा, रस्ता गुळगुळीत, अडीच तासांत घरी. याहून जास्त वर्णन मला जमणार नाही, कारण मी खिडकीबाहेर बघतच नव्हतो. विन्या एवढंच म्हणाला, “तू तेव्हा तेवीस वर्षांचा होतास रे.” मी म्हणालो, “आणि त्या तेरा वर्षांच्या होत्या.”

शनिवारी सुट्टी होती. सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. देणगीतला मूळचा मंद प्रोसेसर काढून मालेगावचा बसवला, त्यावर उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मग तांब्याचा कूलर. या सॉकेटच्या कूलरची क्लिप स्क्रू ड्रायव्हरने दाबून अडकवावी लागते. तो घसरला की बोर्डावर ओरखडा आणि खेळ खलास. म्हणून खाली पुठ्ठा धरा. माझा हात घसरला नाही. या कामात तो कधीच घसरला नव्हता. मशीन पहिल्या झटक्यात चालू झालं. विन्याने गेम टाकला, असला सुरेख चालला, की शेजारची पोरं दारात आली. मी त्यांना म्हणालो, या, बसा, खेळा, पाहिजे ते दाबा. चिप्सच्या हातांनी बसली तरी मी हटकलं नाही. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

पोरं गेल्यावर मी शाळेची जुनी हार्ड डिस्क उघडून पाहिली. त्यात एकच फाइल होती. मशीन बसवलं त्या दिवशी चाचणी म्हणून मी इंग्रजीत टाइप केलेली, ‘हॅलो कळवण’. पुढे कुणी एक अक्षर उमटवलेलं नव्हतं.

विन्याने बोर्डाचा फोटो आमच्या जुन्या संगणकवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. एकाने विचारलं, “भाऊ, एवढा कोरा पीस? अजून आहेत का तिथे?” मी बराच वेळ टाइप करत आणि पुसत बसलो. मग लिहिलं, अजून अकरा आहेत, एकालाही कुणी हात लावलेला नाही, मीच लावू दिला नाही. त्याने ताबडतोब उत्तर धाडलं, “मस्त काम केलंत सर!” आणि खाली टाळ्या.