तळ्याला दूध

त्रिपुरसुंदरीबाईंनी कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली. निवृत्त झाल्या आणि पार्कातल्या तळ्याच्या मागे लागल्या. रोज सकाळी दोरीला बांधलेली पांढरी ताटली त्या पाण्यात सोडायच्या. दिसेनाशी झाली की दोरी किती विती भिजली ते मोजायच्या. पहिल्या वर्षी अर्धी वीत. तेव्हा तळ्यात गटार येत होतं, आणि लोक नाक दाबून जायचे.

चार वर्षं दर रविवारी गल्लीतली माणसं पाण्यात उतरली. सगळ्यांत आधी मणी. घरोघरी दूध घालणारा मणी छातीभर गाळात उभा राहायचा. त्याच्या पायांच्या जखमा कधी नीट भरल्याच नाहीत. गटार वळवलं गेलं. ताटली पाच विती खालपर्यंत दिसू लागली. पोंगलनंतर मासे सोडले. बाई भेटेल त्याला हात धरून काठावर न्यायच्या. "बघा, जिवंत आहे."

मग तळ्याच्या समितीचा विजयराघव घरी आला.

"अक्का, शुक्रवारी तळ्याला अभिषेक."

"कशाचा?"

"दुधाचा. मग काय, कॉफीचा करू?"

"दूध पाण्यात कुजतं, राघवा. पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मासे गुदमरतील."

"कावेरीला चालतं की!"

"कावेरी वाहते. हे कुठं जाणार?"

विजयराघव हिरमुसला, पण ऐकलं त्याने. फक्त फुलं वाहायची ठरली.

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं. वारा नव्हता. फुलं वाहून झाली आणि मणी पुढे आला. नवी वेष्टी नेसलेला. हातात तांब्या.

"अम्मा, माझ्या गाईचं आहे. एवढंच."

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. एका तांब्याने काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"घाल," त्या म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून दूध ओतलं. मागून एकजण म्हणाली, "त्याचं चालतं, आमचं नाही काय?" घराघरांतून तांबे आले. मग डेअरीतून कॅन आले. बाई आडव्या उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना हळूच बाजूला केलं, कपाळाला कुंकू लावलं. काठ पांढरा झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या आल्या. शेकडो मासे उलटे तरंगत होते. उरलेले पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. बाईंनी ताटली सोडलीच नाही. बादलीने पाणी उपसून त्या उंचावरून परत ओतू लागल्या. तेवढीच हवा.

मणी धावत आला. हातात कालचाच तांब्या, काठोकाठ भरलेला.

"कुणी विष घातलं, अम्मा? सरका. दुधाने विष उतरतं."

बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"विष नव्हतं, मणी."

"मग?"

बाई त्याच्या हातातल्या तांब्याकडे बघत राहिल्या. मग मणीही बघायला लागला.

"तुझ्या एकट्याच्या दुधाने नाही रे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी हो म्हटलं, त्याने झालं."

त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. तांब्या उराशी धरून तो पायरीवर बसला. दूध वेष्टीवर सांडत होतं. त्यातला थेंबही पाण्यात जाऊ नये म्हणून तो बसल्या बसल्या मागे सरकत राहिला.