चंद्रापुढचं मागणं

कंबोडियातल्या सेन नदीकाठच्या त्या गावात पोहे कांडावेत तर सारोनने, असं तिच्याशी भांडणाऱ्या बायकाही कबूल करायच्या. कार्तिकी पुनवेआधी शेतातलं कोवळं भात आणायचं, कढईत भाजायचं आणि गरम आहे तोवर उखळात ओतून दोघांनी समोरासमोर आळीपाळीने मुसळ घालायचं. एकटीचं काम नव्हे ते. भात निवलं की पोहे होत नाहीत, नुसती कणी होते. सारोनसमोर आधी सासू उभी राहायची, मग नवरा, मग लेक थावी. सासू म्हातारपणाने गेली, नवरा तापाने, आणि थावी सीमेपलीकडे थायलंडात, कोळंबी सोलायच्या कारखान्यात.

जाताना तिने तान्ही लीदा आईच्या कडेवर दिली. "थोडेच महिने गं, आई." लीदाला आता सातवं लागलं होतं. थावीने तिकडे दुसरा संसार मांडला होता. नव्या नवऱ्याला ही मुलगी ठाऊक तरी आहे का, हे विचारायचा सारोनला धीर होत नव्हता.

यंदा सारोनच्या पोटात गाठ निघाली. शहरातला डॉक्टर म्हणाला, "आता घरी न्या यांना, आवडेल ते खाऊ घाला." नेणार कोण? सोबत लीदाच होती. तिने आजीचा हात धरला आणि बसमध्ये बसवून घरी आणलं.

निरोप गेला तशी थावी सणापुरती आली. मायलेकी उखळाशी उभ्या राहिल्या.

"पोरीला घेऊन जा, थावी."

"आई, खोली केवढी आहे माहितीये? पाय पसरायला जागा नाही. आणि ह्यांना काय सांगू?"

"माझं आता काही खरं नाही गं."

"डॉक्टरांचं काय ऐकतेस! अजून दहा वर्षं मुसळ मारशील तू. बघ, मीच दमले."

सारोनचे घाव चुकत होते, मुसळ उखळाच्या काठावर आपटत होतं. थावीला ते दिसत नव्हतं असं नाही. पण बघितलं तर पोरीला न्यावं लागेल, म्हणून ती खाली मान घालून कांडत राहिली.

मग सारोनला चंद्र आठवला. पुनवेला चंद्र माथ्यावर आला की घरातलं वडीलधारं माणूस पोराच्या तोंडात पोहे आणि केळं कोंबतं, पाठीवर हात ठेवतं आणि विचारतं, काय हवं? भरल्या तोंडाने पोर जे बोलेल, ते चंद्राच्या साक्षीने मागितलेलं. ते मोडायची गावात कुणाची छाती नाही, आणि विचारायचंही एकदाच. थावी कितीही दूर गेली तरी याच गावची पोर होती.

तिने लीदाला बाजूला घेऊन पढवलं. "मी विचारलं की काय म्हणायचं?"

"आईबरोबर जायचंय."

"मोठ्याने!"

"आईबरोबर जायचंय! पण आजी, मग तुझ्याजवळ कोण?"

"तुला काय करायचंय? नुसती चोंबडी!"

तिथेच थांबून पोरीच्या तोंडाकडे बघायला हवं होतं तिने. पण बुडत्याला काडी सापडली होती, ती कशाला बघतेय.

रात्री अंगणात बांबूच्या कमानीखाली नारळ, केळी आणि पोह्यांची परात मांडली. शेजारपाजार जमला. चंद्रातला ससा स्पष्ट दिसत होता. सारोनने लीदाच्या तोंडात मुठीने पोहे कोंबले.

"अगं पुरे, गुदमरेल ती!" शेजारीण कोंथी हसली. "तुला काय अख्खं शेत भरायचंय तिच्या तोंडात?"

सारोनने पाठीवर हात ठेवला. "बोल बाळ, काय हवं?"

लीदा चावत राहिली. तिने आईकडे बघितलं, आई जमिनीकडे बघत होती. घास गालात सारून लीदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला आजीजवळच राहायचंय. ती मरेल तेव्हा एकटी नको."

कोंथीचं हसू विरलं.

"ऐकलंस ना, आई?" थावी हळूच म्हणाली. "चंद्रापुढे मागितलंय तिने. मी कशी मोडू?" तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्याचं अंधारातही लपत नव्हतं.

सकाळी पोह्यांचं गाठोडं घेऊन थावी बसमध्ये बसली. सारोनने लीदावर हात उगारला. मारायचाच होता, पण तो पाठीवर जाऊन टेकला आणि ती ओक्साबोक्शी रडली. पोरीने तिच्यावर माया केली होती, आणि त्या मायेनेच पोरीचा एकुलता एक आधार गेला होता.

टोपलीत थोडं भात उरलं होतं. "तू भाज, आजी. मी उभी राहते समोर," लीदा म्हणाली.

सारोनने भाजलं, गरम गरम उखळात ओतलं आणि आपलं मुसळ धरून उभी राहिली. समोर लीदा आईचं मुसळ दोन्ही हातांनी कवटाळून उचलू बघत होती. ते तिच्या डोक्याहून उंच होतं. "थांब आजी, जमेल मला," ती म्हणत होती. सारोन थांबली. भात निवत होतं.