सहीचा हात गुर्जीचा

आमच्या गावात कुणी डाव्या हातानं प्रसाद घेतला तरी आता कुणी डोळे वटारत नाही. याचं सगळं पाप, किंवा पुण्य म्हणा, बेबीताईच्या माथी. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबहून चार किलोमीटर आत आमचं गाव, आणि बेबीताई म्हणजे तिथली अंगणवाडी सेविका. सव्वीस वर्षं ती गावातली पोरं सांभाळते आहे. ती स्वतः डेबरी. डावखुऱ्याला आमच्याकडं डेबरा म्हणतात. शब्द ऐकायलाच शिवीसारखा आहे आणि पूर्वी वापरायचेही तसाच.

मी तिचा पहिलीचा मास्तर. माझं नाव चंद्रशेखर, पण ते पेन्शनच्या कागदावर. गावाला मी गुर्जी. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकतो. बेबीला उजव्या हातानं लिहायला मी शिकवलं. शिकवलं कसलं, तिच्याच केसांची रिबीन सोडून तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून ठेवला. चांगले दोन महिने. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

बेबी रडली नाही. तिनं फक्त तह केला. आजही ती सही उजव्या हातानं करते आणि बाकी झाडून सगळं डाव्यानं: पोळ्या, झाडू, पोरांचं वजन घेणं, पोरांना दटावणं. तालुक्याच्या मिटिंगला कुणी विचारलं की माझ्यादेखत सांगते, "सहीचा हात गुर्जीचा, दुसरा माह्या." लोक हसतात, मीही हसतो. माझं हसू जरा उशिरा येतं.

सोयाबीन कापायला तिचा विळाही वेगळा. बाजारातला विळा उजव्या हातासाठीच घडवलेला असतो. तिनं लोहाराच्या डोक्यावर बसून दुसऱ्या अंगानं धार काढून घेतली. एकदा तिच्या नवऱ्यानं, पुंडलिकरावानं, तो चुकून उचलला. दुपारपर्यंत त्यानं सोयाबीन कापलं कमी आणि उपटलं जास्त. "इळा बी हिच्यासारखाच उलटा हाये," असं तो शेताच्या धुऱ्यावर बसून म्हणाला, तर बेबीताई म्हणाली, "इळा बराबर हाये. तुमचा हात चुकला."

अशा बाईच्या हाती अंगणवाडी आली, मग काय विचारता! तिनं शेंगेचा खेळ काढला. भुईमुगाच्या शेंगा उकडायच्या, पोराला सतरंजीवर बसवायचं आणि एक शेंग त्याच्या बरोबर मधोमध ठेवायची. तसूभरही इकडं नाही, तिकडं नाही. मग बघत राहायचं, कोणता हात येतो. एकदा बघून भागत नाही. आठवडाभर, महिनाभर बघायचं. शेंग, चेंडू, कंगवा, खडू, सगळ्याला तोच हात येतो का ते बघायचं. मी एकदा विचारलं, "एवढं बघायचंच असेल तर जन्मल्याबरोबर का बघत नाहीस?"

"वर्षाच्या आतल्या लेकराले आवडता हात नसते, गुर्जी," ती म्हणाली. "आज ह्या हातानं घेते, उद्या त्या हातानं. दोन-तीन वर्षाचं झालं का एक हात म्होरं यायले लागते. चार-पाचपर्यंत पक्का होते. तोवर आपण मधात तोंड घालाचं नाई. आन् पक्का झाल्यावर तर बिलकुलच नाई."

हे वाक्य तिनं गावात इतकं घोटवलं की बायका त्याची म्हण करून बसल्या: हात लेकराचा, मर्जी लेकराची. अख्ख्या गावात एकट्या रुखमाबाई तेवढ्या अडून होत्या. त्यांनी स्वतःच्या कपिलच्या डाव्या बोटांना कडुनिंबाचा रस चोळून त्याला उजवा केला होता, आणि कपिल अजून शर्टाची बटणं एक घर सोडून लावतो. बेबीताईनं ती बटणं दाखवून दाखवून शेवटी रुखमाबाईंनाही आपल्या बाजूला ओढलं. नवी सून जास्त कुंकू लावते म्हणतात, तसं झालं. रुखमाबाई तिच्यापेक्षाही मोठ्यानं बोलायला लागल्या.

पुढं कपिलला मुलगी झाली, अंजू. ती नऊ महिन्यांची असताना लसीच्या दिवशी रुखमाबाई तिला कडेवर घेऊन मिरवतच अंगणवाडीत आल्या. मागं सून अर्पिता. मीही तिथंच होतो. रिकामा म्हातारा आणखी कुठं जाणार?

"पाह्य वं बेबी, तुही चेली आली!" रुखमाबाई दारातूनच म्हणाल्या. "सारं डाव्यानंच घेते. उजवा तर हालवतच नाई. म्या कोणाले बोलू देल्लं नाई. हात लेकराचा, मर्जी लेकराची!"

बायकांनी हसून टाळ्या दिल्या. बेबीताईही हसली आणि तिनं खुळखुळा अंजूच्या मधोमध धरला. डावा हात आला. मग तिनं तो उजव्या मुठीला जवळजवळ टेकवला. तरी डावाच हात आला, पोटावरून वळसा घालून. उजवी मूठ मिटलेली होती आणि अंगठा आत दाबलेला. बेबीताईनं ती बोटं हळूच उघडली, ती पुन्हा मिटली. तिचं हसू गेलं.

"अर्पिता," ती म्हणाली, "इले यवतमाळले मोठ्या डॉक्टरले दाखव. याच हप्त्यात. हे डेबरेपण नाई. उजवा हात कमजोर दिसून राह्यला मले."

टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात, पण त्या दिवशी बेबीताई गप्प उभी होती आणि रुखमाबाईंचं भांडण एकटीनंच रंगलं. "आपली ते डेबरी आन् माही नात लुली काय? इतके साल डावा चांगला, डावा चांगला करत होती, आता तुले उजवा कायले पाह्यजे?" त्या अंजूला उचलून निघाल्या. लसही राहिली.

संध्याकाळी बेबीताई माझ्या ओसरीवर येऊन बसली. "माह्यंच बोलणं माह्या आडवं आलं, गुर्जी," ती म्हणाली. "म्याच सांगतलं, मधात तोंड घालू नोका. आता लोक थेच ऐकून राह्यले. उशीर झाला तं लेकराचा हात जाईन." तिचे डोळे भरले होते. चाळीस वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला तेव्हा फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं रुखमाबाईंकडं गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, तिला दिली नाही. मीही बसलो नाही.

"रुखमाबाई," मी म्हणालो, "हिचा डावा हात मी रिबिनीनं बांधला होता. डावा की उजवा एवढंच मी पाहिलं, लेकराकडं पाहिलंच नाही. तुम्हीही आता तेवढंच पाहताय. ही मात्र लेकराकडं पाहते आहे. माझं गाढवपण मला पुरलं, तुम्ही कशाला उचलता?"

 उत्तर आलं ते अर्पिताकडून, इतका वेळ चुलीपाशी उभी होती ती. "मी इले घेऊन जातो, आई," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. सासूनं बाळाचं टोपडं शोधून दिलं.

डॉक्टरांनी बेबीताईचंच म्हणणं खरं ठरवलं. जन्माच्या आसपास मेंदूला थोडी इजा झाली होती, उजवी बाजू अशक्त राहिली होती. पण वेळेत आणलंत, म्हणाले. या वयात हात कामाला लावला तर पुष्कळ सुधारतो. व्यायाम शिकवले. आणखी एक सांगितलं: रोज अर्धा तास खेळताना चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागेल.

म्हणजे डावा हात बांधायचा! अर्पिताला शेतात जावं लागे, म्हणून ते काम बेबीताईकडं आलं. ती माझ्याकडं आली ती तणतणतच. "मोजा तुमचाच पाह्यजे, गुर्जी. हात बांधाचा अनुभव तुमाले हाये."

मी नातवाचा जुना मोजा धुऊन नेऊन दिला. तिनं तो हातात घेतला, अंजूच्या डाव्या हातापर्यंत नेला आणि थांबली. "माह्यानं नाई होत," ती म्हणाली. माझ्यानंही होत नव्हतं. शेवटी तिनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि बाळ खदाखदा हसत असताना आम्ही दोघांनी तो चढवला. पुढं दोन-अडीच वर्षं रोज अर्धा तास ती अंजूशी खुळखुळा, वाटी, कापसाचं बोंड, काय हाती लागेल त्यानं खेळली. मोजा काढला की दर वेळी त्या डाव्या हाताचा मुका घ्यायची. मी ते पाहिलं की भिंतीवरचे तक्ते वाचायला लागायचो.

यंदा अंजू साडेतीन वर्षांची झाली, अंगणवाडीत बसायला लागली. गेल्या आठवड्यात बेबीताईनं तिच्यासाठी सतरंजी अंथरली. रुखमाबाई दारात, अर्पिता खिडकीत, मी खुर्चीत. शेंग मधोमध ठेवली. डावा हात सरळ आला आणि शेंग घेऊन गेला.

"डेबरीच हाये माही पोट्टी!" रुखमाबाई म्हणाल्या, पण आवाज लहान होता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, शेंग उचलायला एक हात पुरतो, फोडायला दोन लागतात.

अंजूनं शेंग दातांकडं नेली. मग थांबली. उजवी मूठ मांडीवरून उठली, वाटेत जरा अडखळली, उघडली. अंगठा बाहेर आला. त्या हातानं शेंग धरली, डाव्यानं दाबली, आणि टरफल सतरंजीवर पडलं. एक दाणा तिनं खाल्ला, दुसरा बेबीताईच्या तोंडात कोंबला.

बेबीताई तो चावत उठली, कपाटातून धुऊन घडी केलेला मोजा काढला आणि माझ्या हातात दिला. उजव्या हातानं.

"हे घ्या तुमचं, गुर्जी," ती म्हणाली. "फिटलं."