शैलाची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, टोरंटोतल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण गेल्या आठवड्यात इथं संभाजीनगरात माझा सत्कार झाला आणि त्या सत्काराची मला चीड आली आहे. अजून उतरत नाही ती.

काय ती भाषणं! 'आपल्या मातीची लेक कॅनडाच्या रंगभूमीवर!' अहो, काय काय केलं मी तिथं? राणी झाले, मोलकरीण झाले, कित्येक हिवाळे अस्वलाचा पोशाख चढवून शाळाशाळांतून नाचले. मधे कामच नव्हतं तेव्हा बेकरीत उभी राहिले. मग एका मोठ्या नाटकात वेडी म्हातारी केली, तिचं नाव झालं. यातलं काहीच मी कमी लेखत नाही, घाम गाळलाय. पण ही वाट सुरू कुठून झाली, हे व्यासपीठावरच्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं मी? — बहुतेक नाही.

शैला सिल्लोडची, कॉलेजात माझ्या वर्गात. आमच्या नाटकाची नायिका ती, आणि मी विंगेत संहिता धरून उभी — कुणी अडलं तर हळूच ओळ सांगायला. तिच्यापुढं मी काहीच नव्हते. मला ते कळत होतं, आणि तेच सलत होतं. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, स्पर्धेचा प्रयोग मी स्वतः बघणार, मग नाटक करायचं की नाही ते ठरवणार. ही काय रीत झाली? पोरीच्या अंगातली कला एका प्रयोगात तोलायची? त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण त्यांच्यावर चिडणं सोपं होतं, म्हणून तर इतकी वर्षं त्यांच्यावरच चिडत आले.

दुसऱ्या अंकात शैला अडली. तिनं विंगेकडं पाहिलं. ओळ माझ्या बोटाखाली होती — आणि मी तोंड उघडलं नाही. गोंधळले नव्हते, पान हरवलं नव्हतं. मुद्दाम गप्प राहिले. लोक हसायला लागले, कुणी शिट्टी मारली, शेवटी पडदा पाडावा लागला. वडील तिला तोंडावरचा रंगही पुसू न देता घेऊन गेले. ती परत रंगमंचावर आली नाही. पुढच्या प्रयोगात तिची भूमिका मला मिळाली, संहिता मलाच पाठ होती ना! तो प्रयोग एका दिग्दर्शकानं पाहिला, आणि माझं सगळं तिथून सुरू झालं.

सत्काराला शैला आली होती. तिनं चारचौघांत माझ्या झिंज्या धरायला हव्या होत्या. का नाही धरल्या? तिनं माझा हात धरला.

"तू सांगतच होतीस ना गं तवा?" ती म्हणाली. "मलाच ऐकू आलं नाय. भीतीनं कानच बंद झालते माझे. लई वर्षं शिव्या घातल्या मी सोताला."

तिनं मला सरळ विचारलं होतं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला कुणी ऐकतही नव्हतं.

मी म्हणाले, "हो गं. दोनदा सांगितलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसली.